दारापाशी पहिला घोट

काळोखेसाहेबांनी प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचा प्याला माझ्या हातात दिला आणि कानाशी लागून म्हणाले, "दोन्ही हातांनी धर. सांडलास तर जन्मभर ऐकवीन."

"साहेब, सुरुवात कुठनं करू?"

"पहिल्या बाकापासून. आणि कुठनं?"

मी पहिल्या बाकाकडे पाहिलं. पांढरे ब्लाउज, काळे स्कर्ट, डोक्याला घट्ट रुमाल बांधलेल्या आठ बाया ताठ बसल्या होत्या. मग मी पार मागे, दाराकडे पाहिलं. तिथे बाक नव्हता. जमिनीवर एक चटई होती आणि चटईवर एक माणूस एकटाच बसला होता. चाळिशीचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, मान खाली घातलेला. थोड्या वेळापूर्वी भाकर फिरली, ती त्याच्यापर्यंत गेलीच नव्हती. असल्या गोष्टी माझ्या नजरेतून सुटत नाहीत.

पहिला बाक सोडून मी सरळ दाराकडे चालू लागलो.

ही गोष्ट आफ्रिकेतल्या मलावी देशातली. एकोणीस वर्षं झाली. नगर जिल्ह्यातून आम्ही तिघं तिथल्या ख्रिस्ती मंडळ्यांना भेटायला आणि त्यांच्याबरोबर उपासना करायला गेलो होतो. रेव्हरंड काळोखे, रिटायर नर्स मालनबाई भिंगारदिवे आणि मी, यहोशवा पाटोळे, विजेच्या मोटारी रिवाइंड करणारा आणि भजनाला ढोलकी वाजवणारा. तोपर्यंत मिशन म्हटलं की गोऱ्यांनी आमच्याकडे यायचं आणि आम्ही फोटोला उभं राहायचं, एवढंच आम्हाला माहीत होतं. आता आम्ही स्वतःच मिशन होऊन निघालो होतो. मालनबाई विमानात म्हणाल्या होत्या, "यशा, आता फोटोला दुसरे उभे राहतील. तू फक्त पोट आत घे."

ढोलकीसाठी मला नेलं, असं आमच्या पत्रकात छापलं होतं. ते खोटं होतं.

आमच्या सोनेवाडीच्या चर्चमध्ये महारवाड्यातली घरं आधी ख्रिस्ती झाली, मांगवाडा वीस वर्षांनी. त्या वीस वर्षांचा दंड म्हणून आम्ही दारापाशी बसायचो, खाली. प्रभुभोजनाचा प्याला पहिल्या बाकापासून निघायचा आणि सगळं चर्च फिरून आमच्याकडे यायचा. माझे वडील, आप्पा, तळाशी उरलेलं प्यायचे आणि डोळे मिटून मोठ्याने आमेन म्हणायचे. मला त्या आमेनचा राग यायचा. आम्ही प्यालो की प्याला राख लावून घासून ठेवायचे. पहिल्या बाकानं उष्टावला तर तो पवित्र, आम्ही तोंड लावलं की घासायचा.

सातवीत माझी शाळा सुटली, पण लेखणी सुटली नाही. इंग्रजी मी रद्दीतली पुस्तकं वाचून शिकलो. सिनॉडच्या, म्हणजे आमच्या चर्चांच्या वरच्या मंडळाच्या, ऑफिसला बावीस पत्रं पाठवली. प्रत्येकात शेवटी एकच प्रश्न असायचा, मांगाच्या हातून पहिल्या बाकाला प्याला कधी मिळणार? आमच्याकडे प्याला बाकोबाकी नेण्याचा मान चर्चच्या पंचांचा, आणि आमच्यातला एकही माणूस कधी पंच झाला नव्हता. शेवटी काळोखेसाहेब कंटाळले. म्हणाले, "माझ्याबरोबर मलावीला चल. तीन रविवार नीट वाग. परत आलो की पंचांच्या यादीत तुझं नाव मी घालतो. पण त्याआधी एक ओळही लिहायची नाही."

मी लिहिली नाही. पहिला रविवार एका गावात गेला, मधले दिवस लहान लहान मंडळ्यांत. कुठे झाडाखाली, कुठे शाळेच्या वर्गात. पेटी नाही, तबला नाही, पण ते लोक तोंड उघडायचे आणि चार तऱ्हेचे आवाज एकमेकांत असे बसायचे की माझी ढोलकी मी पिशवीतून काढलीच नाही. दानाची वेळ झाली की सगळे नाचत पुढे जायचे. मालनबाई पदर खोचून नाचल्या आणि खाली बसताना म्हणाल्या, "प्रभूला दान दिलं, गुडघे पण त्यातच गेले."

दुसऱ्या रविवारी आम्ही या गावी आलो. विटांचं चर्च, पत्र्याचं छप्पर. तिथले पास्टर न्यिरोंगो, बारीक अंगाचे, हळू बोलणारे. त्यांनीच काळोखेसाहेबांना म्हटलं की भाकर आणि प्याला आज पाहुण्यांनी द्यावा. साहेबांनी भाकर स्वतः फिरवली आणि प्याला मला दिला. "सराव होईल," म्हणाले.

तर मी दाराकडे गेलो. मांगाच्या हातातला पहिला प्याला पहिल्या बाकाला न देता दारातल्या माणसाला द्यायचा, हे आफ्रिकेत सुचलेलं नव्हतं. लहानपणापासून मनात घोळत होतं.

त्या माणसासमोर मी गुडघे टेकले. त्याने वर पाहिलं आणि मान हलवली. नको.

"पी," मी इंग्रजीत म्हणालो. "हा तुझाही आहे."

त्याने पुन्हा मान हलवली, माझ्या मागे कुठेतरी पाहिलं. मला वाटलं, पोरगेल्या वयापासून मुरलेली भीती आहे ही. आप्पांच्या डोळ्यांत हीच असायची. मी प्याला त्याच्या ओठांशी नेला.

"पी रे, भावा. कुणाला घाबरू नकोस."

त्याने माझ्या टेकलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. त्याने दोन्ही हातांनी प्याला धरला आणि चांगला मोठा घोट घेतला.

सगळं चर्च गप्प झालं. इतकं गप्प की पत्र्यावर चालणाऱ्या पक्ष्याच्या नख्या ऐकू आल्या. मला वाटलं, माझ्या करणीने लोक हलले. काळोखेसाहेबांनी कॅमेरा काढून फोटो घेतला तेही मी पाहिलं.

मग मी पुढे गेलो. पहिल्या बाकावरच्या पहिल्या बाईपुढे प्याला धरला. ती पन्नाशीची होती, हाताच्या बोटांना मातीच्या भेगा. तिने प्याल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात मांडीवरून उचलला नाही.

मी पुन्हा धरला. तिने तोंड फिरवलं.

माझं डोकं भणाणलं. मी मराठीत बोललो, तिला कळणार नाही म्हणून मोठ्यानेच बोललो. "काय गं बाई? त्यानं तोंड लावलं म्हणून बाटला काय प्याला?"

दुसऱ्या बाकावरून मालनबाई पुटपुटल्या, "यशा, पुढे चल."

मी पुढे चाललो. बाकीच्यांनी ओठांना लावल्यासारखं केलं. उपासना संपली तेव्हा माझी मान ताठ होती. तेविसावं पत्र लिहायची गरजच नाही असं वाटत होतं.

दुपारी न्यिरोंगोंच्या अंगणात जेवायला बसलो. मक्याच्या पिठाचे पांढरे घट्ट गोळे, त्याला ते सीमा म्हणतात, आणि भोपळ्याच्या पाल्याची भाजी. मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, "पास्टर, दारापाशी बसवता ती कुठली जात?"

न्यिरोंगोंना प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारला.

"आम्ही दारापाशी कुणालाच बसवत नाही," ते म्हणाले. "ज्याचा तो जाऊन बसतो."

"म्हणजे?"

"कुणाशी भांडण असेल, कुणाचं काही घेतलं असेल, तर ते मिटेपर्यंत माणूस चटईवर बसतो. प्याला घेत नाही. त्याला कुणी सांगत नाही, कुणी उठवत नाही. आमच्या आजोबांपासून असं आहे. लामेक लुहांगा दोन वर्षं तिथे बसला. तुम्ही आज ज्याला प्याला दिला तो."

"त्यानं काय केलं?"

"भाऊ मेला, तेव्हा भावाचं मक्याचं शेत दाबलं. भावाच्या बायकोला आणि तीन पोरींना बाहेर काढलं. कोर्ट इथून लांब आहे आणि गावचा प्रमुख त्याचा मामा. चटई तेवढी होती आमच्याकडे. दोन वर्षं रोज त्याची बायको त्याच्याशी भांडायची, की लोक मला विचारतात, तुझा नवरा कधी पुढे बसणार? गेल्या महिन्यात तो माझ्याकडे आला होता. म्हणाला, या पेरणीला शेत सोडतो."

माझ्या हातातला गोळा तसाच राहिला.

"आणि ती भावाची बायको?" मालनबाईंनी विचारलं.

"न्यागोंड्वे. पहिल्या बाकावर पहिली बसते."

मालनबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. न पाहिल्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

"तुम्ही मला थांबवलं का नाहीत?" मी न्यिरोंगोंवर ओरडलो. आपली चूक निघाली की मी आधी ओरडतो.

"पाहुण्याच्या हातात प्रभूचा प्याला होता," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला काही दिसलं असेल, जे आम्हाला दिसत नाही."

मंगळवारी लामेकने त्या शेतात मका पेरला. बुधवारी तो बाजारात सांगत होता की लांबून, समुद्रापलीकडून आलेल्या देवाच्या माणसाने गुडघे टेकून मला प्याला पाजला, आता कुणी माझा हिशेब विचारायचा नाही. न्यागोंड्वे त्याच्या बांधावर जाऊन उभी राहिली, तर त्याने तिलाच विचारलं, "तू का नाही प्यालीस? खोट तुझ्यात आहे." तिच्याशी मी काय बोललो ते भाषेमुळे तिला कळलं नव्हतं. पण कसं बोललो ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

मी काळोखेसाहेबांकडे गेलो. ते खाटेवर बसून सिनॉडसाठी अहवाल लिहीत होते.

"साहेब, येत्या रविवारी मला बोलायचंय. प्याला चुकीचा दिला म्हणून सांगायचंय."

"बस." त्यांनी कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. मी गुडघ्यांवर, तो माणूस डोळे मिटून पितोय, दारातून ऊन आलेलं. "हे बघ. हा आपल्या मासिकाच्या मुखपृष्ठावर जाणार. हा फोटो पाहिल्यावर कुठला पंच तुझं नाव कापेल? बावीस पत्रांनी झालं नाही ते याने होईल. आणि तू चुकलास कुठे? प्याला सगळ्यांसाठीच आहे."

"त्या बाईचं शेत गेलं, साहेब."

"तुझ्यामुळे नाही. त्याच्या लोभामुळे. आपण सोमवारी विमानात बसणार. दुसऱ्यांच्या घरातली भांडणं आपण सोडवायला आलो नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "यहोशवा, मी मनापासून सांगतो. तुझ्या आप्पांना मी दारात बसलेलं पाहिलंय. तू पंच व्हावंस असं मला खरंच वाटतं. पण तू तिथे उभा राहून सांगितलंस की मला प्याला कुणाला द्यायचा ते कळलं नाही, तर इथे मी काय लिहू? आपल्या लोकांना तेवढंच हवंय. म्हणतील, बघा, यांच्या हातात प्याला दिला की असं होतं."

हे त्यांचं खरं होतं. आमच्या लोकांना मी ओळखत होतो. त्यांनी तसंच म्हटलं असतं.

बाहेर मालनबाई पातळ वाळत घालत होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"तुम्ही काय म्हणता, सिस्टर?"

"मी काय म्हणू? मी महारवाड्यातली, पहिल्या बाकावर बसून म्हातारी झाले. तुझ्या पंच होण्यावर मी बोलायचं नाही." त्यांनी पातळाचं टोक ताणलं. "पण नर्स म्हणून सांगते. सुई चुकीच्या शिरेत गेली की काढावी लागते. पेशंटला दुखतं, नर्सची लाज जाते. तरी काढतात."

शनिवारी मी न्यिरोंगोंना म्हणालो, "उद्या तुम्ही मंडळीला सांगा, तो प्याला हिशेबात धरू नका म्हणून."

"मी कसं सांगू? तुम्ही पाजला, त्यानं घेतला. माणसाच्या पोटातून मी तो परत कसा काढू?"

"मग मी काय करू?"

ते उठून उद्याच्या उपासनेच्या तयारीला लागले. त्यांच्याकडे हे कुणी कुणाला सांगत नाही.

रविवारी घंटा झाली. काळोखेसाहेब आणि मालनबाई पुढे पाहुण्यांच्या खुर्च्यांवर बसले. लामेक तिसऱ्या बाकावर, बायकोशेजारी, इस्त्रीचा शर्ट घालून. मी दारात चपला काढल्या आणि चटईवर बसलो.

जन्मभर मी ज्या जागेशी भांडलो, तिथे मला कुणी बसवलं नव्हतं. मीच बसलो. उठून पुढे जावं असं दहा वेळा वाटलं.

"यहोशवा!" साहेबांनी मराठीत हाक मारली. "ती जागा नाही. पुढे ये."

"नाही येत, साहेब."

"माझा मान ठेव."

"ठेवतो. पण येत नाही."

न्यिरोंगोंनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोललो, ते वाक्यावाक्याला त्यांच्या भाषेत सांगत गेले.

"गेल्या रविवारी मी एका माणसाला प्याला दिला. तो कोण, तिथे का बसलाय, मी विचारलं नाही. त्याने दोनदा नाही म्हटलं, तरी मी पाजला. मला त्याच्या जागी माझा बाप दिसला. माझ्या बापाने कुणाचं काही घेतलं नव्हतं. पहिल्या बाकावर ज्या आई बसल्यात, त्यांच्याशी मी वाईट बोललो. तो प्याला माझा नव्हता, मला देता येत नव्हता. त्यांचं मिटेपर्यंत मी पिणार नाही."

मी खाली बसलो. काळोखेसाहेबांनी डोळे मिटले. प्रार्थनेसाठी मिटले नव्हते.

प्याला निघाला. न्यागोंड्वे पहिली होती. ती प्याली. दुसरा बाक. तिसरा बाक. लामेकपुढे प्याला आला आणि अख्ख्या चर्चच्या माना वळल्या. त्याच्या बायकोने त्याच्या हातावरचा आपला हात मागे घेतला. तो तसाच बसला, प्याला तसाच त्याच्यापुढे. मग बाक करकरला. तो उठला, दाणदाण पाय टाकत मागे आला आणि चटईवर माझ्यापासून हातभर अंतरावर बसला. दात आवळून काहीतरी बोलला. न्यिरोंगोंनी मला नंतर त्याचा अर्थ सांगितला. "या परदेशी माणसाने मला दोनदा लाज आणली. एकदा पाजून, एकदा न पिऊन."

पंचांची यादी जूनमध्ये सोनेवाडीला वाचली. माझं नाव नव्हतं. मासिकाच्या मुखपृष्ठावर मालनबाईंचा नाचताना फोटो आला. मी अजून पत्रं लिहितो, आतापर्यंत बासष्ट लिहून झाली. फक्त आता ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याकडे आधी जातो आणि विचारतो, बाबा, तू इथे का बसलास? वर्षभराने न्यिरोंगोंचं पत्र आलं. लामेकने निम्मं शेत सोडलं होतं. उरलेल्या निम्म्यासाठी तो अजून चटईवर बसत होता.

पण त्या रविवारचं अजून थोडं राहिलं.

उपासनेनंतर न्यिरोंगोंच्या अंगणात सगळ्या मंडळीचं जेवण होतं. त्यांच्याकडे जेवणाआधी एक बाई पाण्याचा जग आणि पातेलं घेऊन येते, गुडघे टेकते आणि प्रत्येकाच्या हातावर पाणी घालते. लामेक आणि मी झाडाखाली एकाच चटईवर बसलो होतो. दुसरीकडे त्याला कुणी जागा दिली नव्हती आणि मला मागायची नव्हती. पाणी घेऊन न्यागोंड्वे आली.

ती माझ्यासमोर टेकली. मी हात पुढे केले. तिने पाणी घातलं, सावकाश, दोन्ही हातांवर.

"येवो," मी म्हणालो. त्यांच्या भाषेतला आभाराचा एवढाच शब्द मला येत होता.

ती बोलली. शेजारून न्यिरोंगोंनी सांगितलं, "म्हणते, आभार मानू नका. पाहुणा उपाशी ठेवायचा नाही म्हणून पाणी घातलं. शेत अजून त्याच्याकडेच आहे."

"खरं आहे म्हणावं," मी म्हणालो.

मग ती लामेककडे वळली. त्याने हात पुढे केले. पेरणीची माती नखांत अजून होती. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. तो खाली बघत होता. पाणी घातलं नाही तिने, आणि दुसरीकडेही गेली नाही. जग त्याच्यासमोर जमिनीवर ठेवला आणि तिथेच बसून राहिली.

हात पुढे करून तो ताटकळला. जग माझ्या हाताच्या टप्प्यात होता. कुणीतरी ओतलं की सगळे जेवायला मोकळे. अंगणातले सगळे थांबले होते. माझा हात जगच्या कानाकडे गेला.

मी तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून बसलो.